फोटोतले रंग ताळ्यावर आणताना : व्हाइट बॅलन्सची पहिली ओळख

पावसाळ्यात दादरच्या मंडईत निळ्या ताडपत्रीखाली फोटो काढून बघा. मोबाइलच्या पडद्यावर कोथिंबीर शेवाळी दिसते, टोमॅटो मरगळलेले, आणि भाजीवाल्या मावशी तर तापातून उठल्यासारख्या. तिथे उभं असताना यातलं काहीच जाणवलेलं नसतं. कोथिंबीर हिरवीगार होती, टोमॅटो लालबुंद होते.

कॅमेरा खोटं बोलत नसतो. ताडपत्रीतून गाळून आलेला उजेड खरोखरच निळा होता. आपले डोळे आणि मेंदू मिळून मिनिटा-दोन मिनिटांत त्या निळाईला सरावतात आणि ती हिशेबातून काढून टाकतात, त्यामुळे पांढरा मुळा आपल्याला पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला हेच काम अंदाजाने करावं लागतं. अंदाज चुकला की सगळ्या फोटोवर एक झाक चढते. ती झाक ओळखून काढणं म्हणजे व्हाइट बॅलन्स दुरुस्त करणं. बाकीची रंगांची कामं त्यानंतरची.

नवशिके इथे एकच गोष्ट करतात : फोटो उघडतात आणि ‘छान दिसेपर्यंत’ स्लायडर इकडेतिकडे ओढत बसतात. दहा मिनिटं असं केलं की डोळे पडद्यालाच सरावतात आणि मग काहीही छान दिसायला लागतं. म्हणून स्लायडरला हात लावण्याआधी स्वतःला विचारा, हा फोटो कुठल्या उजेडात काढला होता? खिडकीच्या, ट्यूबच्या, मांडवातल्या हॅलोजनच्या, की झाडाखालच्या सावलीतल्या? याचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं.

सॉफ्टवेअरवरून फार डोकं खाजवू नका. संगणकावर लाइटरूमसाठी वर्गणी भरावी लागते, पण डार्कटेबल, रॉथेरपी आणि गिम्प पूर्ण मोफत आहेत आणि शिकायला पुरून उरतात. मोबाइलवर स्नॅपसीडने सुरुवात करा. बटणांच्या जागा वेगवेगळ्या असतात, आतलं गणित सगळीकडे तेच.

पडदा आधी तपासा

रात्री जेवणानंतर फोटो एडिट करायला बसणारे बरेच जण नाइट लाइट किंवा डोळ्यांना आराम देणारा मोड चालू ठेवतात. पडदा पिवळा असतो, म्हणून आपण फोटो निळा करत जातो आणि सकाळी तो फोटो बघून दचकतो. एडिट करताना हे मोड बंद हवेत. आयफोनवर ट्रू टोन बंद करा. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये पडद्याचा रंग ‘व्हिव्हिड’वर लावलेला येतो, तो ‘नॅचरल’वर आणा. नाहीतर भडकपणा पडद्यात असतो आणि आपण तो फोटोतून काढत बसतो.

खोलीतला उजेडही मोजा. डोक्यावर पिवळा बल्ब आणि समोर निळसर पडदा असेल तर डोळ्यांची ओढाताण होते. दिवसा खिडकीच्या बाजूला पाठ न करता, पण पडद्यावर थेट उजेड पडणार नाही असं बसा. पडद्याचं रंगमापन करणारं उपकरण मिळतं. त्यात ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि चौरस मीटरला साधारण १०० ते १२० कँडेला इतका उजेड असं लक्ष्य ठेवतात. पण हा खर्च प्रिंटचं काम सुरू झाल्यावर करावा. पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

दोन स्लायडर आणि उलटं वाटणारं गणित

व्हाइट बॅलन्सच्या चौकटीत दोन स्लायडर असतात. टेंपरेचर फोटोला निळ्याकडून पिवळ्याकडे नेतो, टिंट हिरव्याकडून मजेंटाकडे म्हणजे जांभळट गुलाबीकडे. झाक कुठलीही असो, ती या दोन रेषांवर कुठेतरी बसते.

टेंपरेचर केल्विनमध्ये मोजतात. लोखंड तापवलं की आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं, आणखी तापलं तर पांढरं. त्यापुढे निळसर रंग येतो, पण तिथवर लोखंड टिकत नाही, तारे टिकतात. या चढणीवर प्रत्येक उजेडाचा एक आकडा आहे. समईची ज्योत साधारण १९०० केल्विन. पिवळा बल्ब २७००. मांडवातला हॅलोजन ३२००. दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. ढगाळ आभाळ ६५००, आणि ‘कूल डेलाइट’ म्हणून दुकानात मिळणारी एलईडी ट्यूबही ६५०० चीच. मोकळ्या निळ्या आभाळाखालची सावली ७०००-८००० च्याही पुढे जाते.

आता गोंधळ इथे होतो. समई १९०० ची आणि पिवळी, सावली ८००० ची आणि निळी, म्हणजे आकडा वाढला की उजेड निळा होतो. पण सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो! कारण स्लायडरवरचा आकडा म्हणजे आपण सॉफ्टवेअरला दिलेली माहिती आहे : ‘हा फोटो ८००० केल्विनच्या निळ्या उजेडात काढलाय.’ मग ते निळाई भरून काढायला पिवळं घालतं. हे एकदा डोक्यात बसलं की स्लायडर कुठल्या बाजूला ओढायचा हे पाठ करावं लागत नाही. उजेडाचा आकडा ठाऊक असेल तर तोच टाकायचा.

आणखी एक. खालच्या आकड्यांत स्लायडर फार हळवा असतो. ३००० चे ३५०० केले तर फोटो ठळकपणे बदलतो, ७००० चे ७५०० केले तर फरक शोधावा लागतो. दहा लाखांना केल्विनच्या आकड्याने भागलं की डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाचं बरंचसं खरं माप मिळतं. पहिल्या उदाहरणात ते ३३३ वरून २८६ वर येतं, दुसऱ्यात १४३ वरून १३३ वर. म्हणून बल्बखालच्या फोटोत स्लायडर पन्नास-पन्नासने हलवा आणि सावलीतल्या फोटोत बिनधास्त पाचशेने.

टिंटकडे लोक दुर्लक्ष करतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर झाडाखाली बसलेल्या मित्राचा फोटो घ्या. पानांतून आणि पानांवरून आलेला उजेड हिरवा असतो, चेहऱ्यावर हिरवट छटा येते. टेंपरेचर कितीही फिरवलं तरी ती जात नाही, कारण ती त्या रेषेवर नाहीच. टिंट मजेंटाकडे थोडा सरकवला की चेहरा माणसात येतो. जुन्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिव्यांचा हिरवेपणाही असाच काढतात.

ड्रॉपर कुठे टेकवायचा

आता प्रत्यक्ष काम. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्सपाशी शाईच्या ड्रॉपरसारखं चिन्ह असतं. लाइटरूमच्या संगणकावरच्या आवृत्तीत डब्ल्यू हे बटण दाबलं की तो हातात येतो. गिम्पमध्ये ‘कलर्स’ मेन्यूतल्या ‘लेव्हल्स’मध्ये तीन ड्रॉपर दिसतात, त्यातला करड्याचा घ्यायचा. फोटोतली जी वस्तू मुळात रंगहीन आहे, म्हणजे करडी किंवा पांढरी, तिच्यावर क्लिक करायचं. त्या ठिकाणी लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे सारखे यावेत असा हिशेब सॉफ्टवेअर करतं आणि तोच सगळ्या फोटोला लावतं.

सगळं अडतं ते वस्तू निवडण्यात. मुंबईच्या रस्त्यावर खरोखर करड्या वस्तू पुष्कळ आहेत : सिमेंटचा कठडा, कोरडा डांबरी रस्ता, मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड म्हणजे समुद्राकाठचे सिमेंटचे चारपायी ठोकळे, उंबऱ्याशी घातलेल्या रांगोळीची पांढरी पूड. लग्नात साधा पांढरा अंतरपाट असेल तर सोन्याहून पिवळं. नवरा-नवरीच्या मधोमध, त्यांच्यावर पडलेल्या त्याच उजेडात, एवढा मोठा पांढरा कापडाचा तुकडा धरून दोन माणसं उभी असतात. त्या एका फोटोवरून त्या उजेडातले बाकीचे फोटो सुधारता येतात. हल्ली भरजरी किंवा मोतिया रंगाचे अंतरपाट असतात, ते चालत नाहीत.

आता फसवणाऱ्या वस्तू.

नीळ घातलेला पांढरा सदरा. डोळ्याला तो सगळ्यात पांढरा दिसतो, पण पिवळेपणा झाकायलाच नीळ घातलेली असते. त्याच्यावर ड्रॉपर टेकवला की सॉफ्टवेअर त्या निळाईला उजेडाचा रंग समजतं आणि फोटोत पिवळं ओततं. साबणाच्या पावडरींमध्येही अदृश्य अतिनील किरण शोषून निळा उजेड परत फेकणारी द्रव्यं असतात आणि छपाईच्या पांढऱ्याशुभ्र कागदातही. त्यामुळे उन्हात हे कपडे आणि कागद निळसर नोंदले जातात. फोटोत गणवेशातली मुलं असतील तर सदरा सोडा, मागची सिमेंटची पायरी धरा.

स्टीलचं ताट. स्टील करडं खरं, पण ते आरशासारखं आहे. त्यात समोरच्या भिंतीचा रंग, कोणाच्या तरी साडीचा पदर, वरची ट्यूब असं सगळं दिसतं. फोटो जेवणाचा असेल तर ताटापेक्षा साधा भात बरा, वरण ओतायच्या आधीचा.

जुन्या चाळीची चुन्याची भिंत. ती पिवळी पडलेली असते, किंवा चुन्यातच नीळ मिसळलेली असते. दगडी इमारतींचंही तसंच. गेटवे ऑफ इंडिया पिवळसर बेसॉल्टचा आहे. त्याला करडा समजून क्लिक केलंत तर १९२४ पासून मधाळ दिसणारी कमान निळी-राखाडी होते आणि मागचं पाणी शाईसारखं.

आणि जिथे उजेड भाजून गेलाय ती जागा. खिडकीची काच, दिव्याचा गोळा, उन्हातल्या शर्टाचा चकाकता खांदा. तिथे तिन्ही आकडे २५५ ला, म्हणजे कमाल मर्यादेला, टेकलेले असतात, म्हणजे झाक किती होती ही माहितीच उरलेली नसते. अगदी पांढरी जागा सोडून फिकट करडी शोधा. आकडे २०० च्या आसपास असले की उत्तम.

एका क्लिकवर थांबू नका. तीन-चार वेगवेगळ्या जागी टेकवून बघा. उत्तरं जवळपास सारखी आली तर विश्वास ठेवा. भलतीच वेगळी आली तर फोटोत एकापेक्षा जास्त प्रकारचा उजेड आहे, त्याकडे पुढे येतो.

डार्कटेबल वापरणाऱ्यांसाठी एक टीप. त्यात ‘व्हाइट बॅलन्स’ आणि ‘कलर कॅलिब्रेशन’ अशी दोन मॉड्यूल दिसतात आणि नवा माणूस दोन्ही फिरवतो. नव्या कार्यपद्धतीत पहिलं आपोआप लागलेल्या सेटिंगवर तसंच सोडायचं आणि सगळी दुरुस्ती दुसऱ्यात करायची. दोन्हीकडे फिरवलं की रंग बिघडतात, सॉफ्टवेअर तसा इशाराही देतं.

डोळ्यावर विसंबू नका, आकडे वाचा

फोटोवर कर्सर फिरवला की त्या जागेचे लाल, हिरवा, निळा हे आकडे दिसतात. गिम्पमध्ये ते ० ते २५५ असे मिळतात, लाइटरूममध्ये टक्क्यांत, हिस्टोग्राम म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, त्याच्या खाली. करड्या वस्तूवर तिन्ही सारखे किंवा एक-दोनने इकडेतिकडे असले तर झाक गेली. निळा जास्त असेल तर टेंपरेचर वाढवा, कमी असेल तर उतरवा. हिरवा जास्त असेल तर टिंट मजेंटाकडे.

ही सवय मला सगळ्यात मोलाची वाटते. रात्री दमलेले डोळे, पिवळा बल्ब, स्वस्त लॅपटॉप या सगळ्यांना आकडे पुरून उरतात. रंग नीट न दिसणाऱ्या, म्हणजे लाल-हिरवं वेगळं न ओळखता येणाऱ्या माणसालाही आकड्यांच्या जोरावर व्हाइट बॅलन्स बिनचूक लावता येतो.

रॉ की जेपीईजी

रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती, जेपीईजी म्हणजे त्याने रंगवून, दाबून दिलेला तयार फोटो. जमेल तेव्हा रॉ. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स ही फक्त चिठ्ठी असते : ‘कॅमेऱ्याला उजेड असा वाटला.’ ती फाडून दुसरी लावली तरी मूळ माहितीला धक्का लागत नाही. शिवाय प्रत्येक रंगाच्या ४०९६ किंवा १६३८४ पायऱ्या असतात. जेपीईजीत फक्त २५६ असतात आणि कॅमेऱ्याचा निर्णय त्यात आधीच मुरलेला असतो. म्हणूनच जेपीईजी उघडल्यावर लाइटरूम केल्विनचा आकडा दाखवत नाही, उणे १०० ते अधिक १०० एवढंच दाखवतं. थोडी झाक निघते. फार ओढलं की आभाळात पट्टे पडतात.

रॉ फाइलही जादू करत नाही. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा मुळातच थोडा असतो. तो भरून काढायला सॉफ्टवेअर निळ्याला दुप्पट-अडीचपट करतं आणि त्याबरोबर त्यातला दाणेदारपणाही वाढतो. असा फोटो पूर्ण पांढरा करायचा हट्ट धरू नये.

किती झाक ठेवायची

हा भाग सॉफ्टवेअर शिकवत नाही. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर सूर्यास्ताचा फोटो घ्या. टेट्रापॉड करडे आहेत, ड्रॉपरसाठी आदर्श, आत्ताच वर सांगितलं. पण मावळतीचा उजेड त्यांच्यावर पडलाय. त्यांच्यावर क्लिक केलं की सॉफ्टवेअर इमानेइतबारे सगळं नारिंगी काढून टाकतं आणि संध्याकाळची दुपार होते. इथे झाक हाच फोटोचा विषय आहे. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्सही असाच फसतो, कारण त्याचे साधे प्रकार ‘सगळ्या चित्राची सरासरी करडी असावी’ असं धरून चालतात. नारिंगी आभाळ दिसलं की तो त्याला खोडतो. सूर्यास्त, शेकोटी, समई यांना सरळ ५५०० लावा, म्हणजे ‘डेलाइट’, आणि तिथून थोडं मागेपुढे करा.

हळदीच्या कार्यक्रमाचे फोटोही त्यातलेच. पिवळ्या साड्या, पिवळे कुडते, झेंडूची तोरणं आणि गालांवर हळद. ऑटोला वाटतं उजेड पिवळा आहे, तो निळं घालतो आणि नवरीच्या हातांची हळद मातकट होते. ऑटो बंद करा, मांडवातला करडा खांब किंवा रांगोळी शोधा, आकडे जुळवा आणि पिवळं जिथल्या तिथे राहू द्या.

रस्त्यावरच्या दिव्यांची गोष्ट वेगळी. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा क्वीन्स नेकलेस, म्हणजे रात्री माळेसारखी दिसणारी तिथल्या दिव्यांची रांग, फिका पडला म्हणून बरीच ओरड झाली, आणि नंतर तिथे पिवळसर दिवे परत आले. लोकांना ती झाक हवी होती. पण जुन्या फोटोंवर काम करताना लक्षात ठेवा, सोडियमच्या उजेडात पिवळ्या-नारिंगी पट्ट्याबाहेरचं फारसं काही नसतंच. निळ्या शर्टावर निळा उजेड पडलाच नाही, तर तो फोटोतून कुठून काढणार? असे फोटो साधारण २५०० केल्विनपर्यंत आणावेत आणि थांबावं. चेहरे ओळखू येतात, रात्र रात्र राहते.

माझा एक ढोबळ नियम : आधी झाक पूर्ण काढायची, फोटो कसा दिसतो ते पाहायचं आणि मग हवी तेवढी परत घालायची. घरातल्या संध्याकाळच्या फोटोत मी थोडी ऊब ठेवतो, दुकानात विकायच्या वस्तूच्या फोटोत अजिबात नाही. ऑनलाइन साडी विकणाऱ्याने रंगात केलेली लबाडी परत आलेल्या पार्सलांत दिसते.

एका फोटोत दोन उजेड

लग्नाचा हॉल म्हणजे नव्या फोटोग्राफरची परीक्षा. स्टेजवर पिवळे दिवे, छताला पांढऱ्या ट्यूब, बाजूच्या खिडक्यांतून दिवसाचा उजेड, आणि व्हिडिओवाल्याचा लाइट वेगळाच. ड्रॉपर जिथे टेकवाल तिथलं सुधारतं आणि बाकीचं बिघडतं. नवरीचा चेहरा नीट केला की खिडकीपाशी बसलेल्या आत्याबाई निळ्या होतात.

असं असलं की माणसं ज्या उजेडात आहेत तो मुख्य धरा. सगळ्या फोटोचा व्हाइट बॅलन्स चेहऱ्यांपुरता लावा. मग मास्क घ्या, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच निवडणारं साधन. खिडकीच्या बाजूवर ब्रश फिरवा आणि फक्त त्या भागाचं टेंपरेचर वाढवा. मास्कच्या कडा मऊ ठेवा. दोन रंगांची सीमा भिंतीवर दिसली तर लोकांना ती झाकेपेक्षा जास्त खटकते. पूर्ण जुळवायचंही नाही. खिडकीतला उजेड खोलीपेक्षा जरासा थंड असणं डोळ्याला पटतं. उरलेली झाक त्या भागाचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, थोडं उतरवून मरते.

कधीकधी एकापाठोपाठ काढलेल्या फोटोंचे रंगच बदलत जातात, एक पिवळट, पुढचा हिरवट, किंवा एकाच फोटोत आडवे पट्टे. इथे दोष कॅमेऱ्याचा नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर १/५०० सेकंदाला असेल तर त्या मिणमिणण्याचा एखादाच तुकडा पकडला जातो. एडिट करताना प्रत्येक फोटो वेगळा सुधारावा लागतो, म्हणून तो त्रास आधीच टाळा : हॉलमध्ये शटर १/१०० किंवा १/५० ठेवा.

झेंडू, गुलाल आणि डीजे

दादरच्या फुलबाजारातल्या झेंडूच्या राशीचा फोटो लांबून छान दिसतो, जवळ गेलं की नारिंगी लगदा. पाकळ्या गायब. हिस्टोग्राम उघडा : लाल रंगाचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटलेला असतो, म्हणजे लाल भरून वाहून गेलाय. हा व्हाइट बॅलन्सचा दोष नाही, तरी आपण त्याच स्लायडरशी झटत बसतो. तीन गोष्टी करा. ‘व्हिव्हिड’ प्रोफाइल असेल तर ‘न्यूट्रल’ किंवा ‘स्टँडर्ड’ लावा. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजळपणा, थोडं उतरवा. मग रंगांच्या मिक्सरमध्ये फक्त नारिंगीचं सॅच्युरेशन आणि ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) कमी करा. रॉ असेल तर पाकळ्या परत येतात. जेपीईजीत वाहून गेलेलं बहुधा गेलंच. पुढच्या वेळी काढतानाच एक्सपोजर कमी ठेवा.

विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलालाने ऑटोची अशीच फसगत होते. सगळीकडे गुलाबी दिसल्यावर तो हिरवं घालतो आणि ढोल वाजवणाऱ्यांचे चेहरे आजारी दिसतात. टिंट मजेंटाकडे आणा, रस्त्याचा डांबरी तुकडा दिसत असेल तर त्याचे आकडे वाचा.

डीजेच्या निळ्या-जांभळ्या एलईडीखालचे फोटो मात्र सोडून द्या. त्या उजेडात जवळजवळ एकच रंग असतो, दुसऱ्या रंगांची माहिती कॅमेऱ्यापर्यंत आलेलीच नसते. कृष्णधवल करा. बरेचदा असा फोटो रंगीतपेक्षा बरा निघतो.

चेहऱ्याचा रंग

फोटोत करडं काहीच नसेल तर चेहरा हाच आधार. सावळ्या, गव्हाळ, गोऱ्या, कुठल्याही त्वचेत साध्या उजेडात लाल आकडा सगळ्यात जास्त, हिरवा त्याखाली, निळा सगळ्यात कमी असा उतार असतो. निळा हिरव्याच्या बरोबरीला आला तर चेहरा जांभळट गुलाबी झालाय. हिरवा लालच्या फार जवळ गेला तर काविळीसारखा. गाल किंवा कपाळ बघा. नाकाचा शेंडा आणि कान मुळातच लालसर असतात, लिपस्टिक आणि पावडर लावलेली जागाही नको.

इथे एक स्पष्ट सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं ‘जरा उजळ करा’, आणि स्टुडिओवाला रंगाच्या नावाखाली माणूसच बदलतो. उजेड कमी पडला असेल तर एक्सपोजर वाढवा, तो फोटोचा दोष आहे. सावळा रंग हा दोष नाही, आणि तो पुसणं म्हणजे कलर करेक्शन नव्हे. तांत्रिक बाजूनेही ते अंगावर येतं : चेहरा पांढरा होतो आणि मान, हात तसेच राहतात. पैठणीचा काठ तर राखाडी पडतो.

एकाचं शंभरांना, आणि बाहेर पाठवणं

एका उजेडातला एक फोटो नीट झाला की त्याच्या सेटिंग्ज कॉपी करून बाकीच्यांना पेस्ट करा. उजेड बदलला की नवा गट, नवा नमुना फोटो. जेपीईजीत हे नीट चालायला काढतानाच ऑटोऐवजी एक ठरलेला व्हाइट बॅलन्स लावलेला हवा. नाहीतर प्रत्येक फोटोचा आरंभ वेगळा असतो आणि एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही.

एक्सपोर्ट करताना रंगांची जागा, म्हणजे कलर स्पेस, ‘एसआरजीबी’ निवडा. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने ती बांधली आणि फोन, ब्राउझर, छपाईची दुकानं अजूनही तीच गृहीत धरतात. ‘अॅडोबी आरजीबी’ने पाठवलेला फोटो कित्येक ठिकाणी उगीचच फिका दिसतो, आणि आपण पुन्हा सॅच्युरेशन वाढवत बसतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही.

प्रिंटसाठी लॅबमध्ये देताना आधी एकच ४ बाय ६ काढून घ्या. पडदा स्वतः उजळतो, कागद नाही, त्यामुळे प्रिंट पडद्यापेक्षा थोडा काळोखा येतो. एक्सपोजर किंचित वाढवून दुसरा काढला की अंदाज बसतो. तो प्रिंट दुकानातल्या ट्यूबखाली बघू नका, दाराशी दिवसाच्या उजेडात या. आणि काउंटरवर आठवणीने सांगा की तुमच्याकडून कलर करेक्शन नको. कित्येक मशीनवर ते आपोआप चालू असतं, आणि तुम्ही जपून ठेवलेला सूर्यास्त ते बिचारं मशीनही झाक समजूनच काढतं.